दोन किनारे, दोन बेंच: ज्योत दोन्हीकडे हवी का?

खारावारा (धागाकर्ता)
चांदी-तांब्याचे हातघडणीचे दागिने करणाऱ्यांसाठी धागा. वर्षाचे काही महिने एका किनाऱ्यावर, उरलेले दुसऱ्या किनाऱ्यावर, असं ज्यांचं चक्र आहे त्यांनी जरूर लिहा. एका घरी गर्दीचा हंगाम, म्हणजे विक्री, दुरुस्त्या, मापं बदलून देणं. दुसऱ्या घरी शांतता, म्हणजे घडाई. दोन्ही घरं समुद्राला लागून, त्यामुळे जे घर बंद असतं तिथली हत्यारं खाऱ्या हवेच्या हवाली.

माझं मत मांडतो, मग झोडपा. दोन्हीकडे पूर्ण बेंच, म्हणजे कामाचं मेज आणि सगळी हत्यारं, मांडू नये. ज्योत एकाच घरी, घडाईच्या. विक्रीच्या घरी फक्त थंड काम: करवत, कानस, रिव्हेट, कोंदण बसवणं, पॉलिश. टॉर्च (गॅसची ज्योत देणारा) आला की सिलिंडर आला, पिकल (तापवल्यावरचा काळेपणा काढायचं आम्ल) आलं, धूर काढायचा पंखा आला, आणि बंद घरात ठेवून जायच्या धोकादायक वस्तूंची यादी दुप्पट झाली.

तुम्ही काय दोन्हीकडे ठेवता, काय बरोबर नेता, आणि बेंच बंद करताना नेमकं काय करता?

मोडकी_सांडशी
असहमत. गर्दीच्या हंगामात सगळ्यात जास्त काम कशाचं निघतं? अंगठीच्या मापाचं. दमट उकाड्यात बोटं सुजतात, थंडीत बारीक होतात, त्यामुळे घडाईच्या घरी बसून बांधलेले अंदाज विक्रीच्या घरी चुकतात. साधा बंद छल्ला, खडा नसलेला, मँड्रेलवर (अंगठीच्या मापाच्या निमुळत्या दांड्यावर) ठोकून किंवा ताणून अर्धं माप वाढतो. त्यापुढे पट्टी पातळ होते. आणि कमी करायचा असेल तर कापून झाळण्याला, म्हणजे वितळलेल्या मिश्रधातूने सांधण्याला, पर्याय नाही. ज्योत नसेल तर गिऱ्हाईकाला काय सांगणार, पुढच्या हंगामात या?

अडीच_गेज
"बोट बदला" असं सांगायचं.

निळीज्योत
ज्योत म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर थेट मोठा सिलिंडर येतो. मापाच्या कामाला हातातला ब्युटेनचा टॉर्च पुरतो. मर्यादा एवढीच की चांदी ही उष्णता सगळ्यात वेगाने पसरवणारी धातू. सांधा तापवायचा तर अख्खा दागिना तापवावा लागतो, आणि जाड कड्याला उष्णता पुरवता पुरवता छोटा टॉर्च दमतो. मग लोक ज्योत एकाच जागी धरून बसतात, टाकणखार (सांधा स्वच्छ ठेवणारा बोरॅक्स) जळून जातो आणि झाळ गोळा होऊन बसते, वाहत नाही. उपाय: मऊ विटेच्या तुकड्यांचा तीन बाजूंनी आडोसा करा, म्हणजे उष्णता परत दागिन्यावर येते.

दुसरी अडचण थंडीची. ब्युटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतं. थंड किनाऱ्यावरच्या न तापवलेल्या खोलीत ब्युटेनची ज्योत मरगळते ती म्हणून. टॉर्च खराब नसतो.

मोठा टॉर्च हवाच असेल तर ऑक्सिजनचा सिलिंडर न घेता हवेतूनच ऑक्सिजन वेगळा करून मिनिटाला ५ लिटर देणारा कॉन्सन्ट्रेटर घ्या. एक सिलिंडर कमी झाला. मात्र त्यातलं झिओलाइट (गाळणीचं काम करणारं खनिज) ओल धरतं. महिनोन्‌महिने पडून राहिला की शुद्धता घसरते. जाताना नळीची तोंडं बंद करा आणि यंत्र कोरड्या जागी ठेवा.

आणि प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतं. गळलं तर जमिनीलगत, तळघरात साचतं. बंद घरात सिलिंडर ठेवून जाऊ नये. परत करता येत असेल तर करा, नाहीतर बाहेर, उभा, सावलीत, रेग्युलेटर काढून.

कानसकर
मूळ प्रश्नातला "बेंच बंद करताना काय" हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्यातल्या हत्यारांबद्दल कुणीच बोललं नाही. म्हणून जरा लांबण.

स्वच्छ पोलादाला साधारण ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेखाली फारसा गंज धरत नाही. पण किनाऱ्यावर पोलाद स्वच्छ नसतं, त्यावर तुषारांतलं मीठ बसलेलं असतं. साधं मीठ ७५ टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं, ते ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. म्हणजे खोली कोरडी वाटते तेव्हाही ऐरणीवर खाऱ्या पाण्याचा न दिसणारा पापुद्रा असतो. त्यावर तेल चोपडलं की मीठ तेलाखाली कोंडलं जातं आणि तेलाच्या खालीच गंज चालू होतो. "तेल लावून गेलो तरी गंजलं" अशी जी तक्रार असते तिचं कारण बहुतेक वेळा हे.

म्हणून आधी धुणं, मग तेल. ऐरण, हातोड्यांची तोंडं, मँड्रेल, स्टेक (आकार द्यायच्या छोट्या ऐरणी): गोड्या पाण्यात थेंबभर साबण घालून पुसून घ्या, साध्या पाण्याने पुन्हा पुसा, लगेच कोरडं करा. मग हेअर ड्रायरने हाताला चांगलं गरम लागेल इतकं तापवा. त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवा आणि हत्यार कोमट असतानाच मेण किंवा तेल लावा. यानंतर उघड्या हाताने शिवायचं नाही, घामातही मीठच असतं.

कुठे काय लावायचं हेही वेगळं. आरशासारख्या तोंडाच्या हातोड्यांना मायक्रोक्रिस्टलाईन मेण. तिथे गंजाचा एक खड्डा पडला तर तो प्रत्येक ठोक्यागणिक चांदीवर उमटतो, आणि काढायला ४००, ८००, १२०० नंबरचा कागद आणि मग पॉलिश असा फेरा करावा लागतो. पकडींच्या सांध्यांत मशीनचं तेल. वनस्पती तेल नको, ते चिकट होऊन सांधा जाम करतं. कानशींना तेल अजिबात नको, कीस दातांत अडकून बसतो. ब्रशने साफ करून प्रत्येक कानस गंजरोधक वाफेच्या कागदात, म्हणजे व्हीसीआय कागदात, वेगळी गुंडाळा. जंत्रीची (तार ओढून बारीक करायच्या पट्टीची) भोकं सगळे विसरतात. आतून गंजलेल्या भोकातून ओढलेल्या तारेवर लांबच लांब ओरखडे येतात आणि माणूस तारेला दोष देतो. भोकांत ग्रीस भरून ठेवा. पत्रा लाटायच्या रोलिंग मिलचे रोलर एकमेकांना टेकवून ठेवू नका. टेकलेल्या रेषेत ओल अडकते आणि नेमका तिथे आडवा पट्टा उठतो. कागद जाईल एवढी फट ठेवा, दोन्ही रोलरना ग्रीस आणि मधून व्हीसीआय कागद.

गप्प_ऐरण
कापूर? जुने कारागीर हत्यारांच्या पेटीत कापराच्या वड्या टाकतात.

कानसकर
बंद पेटीत थोडाफार उपयोग होतो, कापूर उडून पोलादावर पातळ थर धरतो. पण काही आठवड्यांत तो उडून संपतो. व्हीसीआयचंही तत्त्व तेच, फक्त ते बंद डब्यात वर्षभर टिकतं. उघड्या फळीवर दोन्ही निरुपयोगी. चांदी-तांबं त्याच डब्यात असेल तर सर्व धातूंना चालणारा प्रकार घ्या, नुसत्या लोखंडासाठीचा नको.

तराजू
सिलिका जेलबद्दल एक हिशेब. २५ लिटरच्या डब्यातल्या ३० अंशाच्या, पूर्ण दमट हवेत पाणी किती? १ ग्रॅमही नाही. जेल स्वतःच्या वजनाच्या २० टक्के पाणी सहज घेतं, म्हणजे हवेसाठी पाच ग्रॅम जेल पुरावं. तरी अर्धा किलो टाकूनही ते महिन्यात संपतं, कारण पाणी हवेत नसतं, लाकडी मुठीत असतं. एका हातोड्याच्या मुठीत सहज १०-१५ ग्रॅम. शिवाय चामड्याची सँडबॅग, कच्च्या चामड्याचा मॅलेट. लाकूड-चामडं वेगळ्या डब्यात ठेवा, निदान मूठ बाहेर राहील असं बघा. झाकणाला रबरी गॅस्केट हवं. केशरी जेल हिरवं झालं की १२० अंशाला दोन तास भाजून परत वापरा.

मोडकी_सांडशी
रबरी गॅस्केट हत्यारांच्या डब्याला ठीक. चांदीच्या डब्याला नको, रबरातल्या गंधकाने चांदी काळवंडते. रबरबँड, लोकर, फेल्ट, पीव्हीसीच्या पिशव्या या सगळ्यांवर तीच फुली. चांदी पॉलिथिनच्या झिप पिशवीत, हवा दाबून काढून, आत काळेपणा रोखणारी पट्टी. आणि चांदी काळी करायला वापरतो ते लिव्हर ऑफ सल्फर त्या कपाटात चुकूनही नको. बाटलीचं झाकण नीट लागलेलं नसलं तर अख्खा साठा काळा होतो, तोही कुणी न मागता.

बुडबुडे
गंजाचा एक मोठा आरोपी सुटलाय: पिकलचं भांडं. सोडियम बायसल्फेट असो की सायट्रिक, गरम आम्लाची वाफ खोलीभर फिरते आणि खाऱ्या हवेइतकंच नुकसान करते. भांडं बेंचपासून लांब, झाकण घालून, शक्यतो दुसऱ्या खोलीत. काम संपल्यावर लगेच बंद.

किनाऱ्यावर सायट्रिक आम्ल म्हणजे लिंबूसत्त्वच वापरा असं माझं ठाम मत. लिटरला १०० ग्रॅम, कोमट. बायसल्फेटपेक्षा सावकाश, पण वाफ सौम्य. तांब्याचा किंवा लाकडी चिमटा. पोलादाचा चिमटा बुडाला की द्रावणातलं तांबं चांदीवर चढून ती गुलाबी होते.

मूसळधार
आणि जाताना ते निळं पाणी मोरीत ओतू नका. निळेपणा म्हणजे विरघळलेलं तांबं, जलचरांना विष. किनाऱ्यावरच्या घरांना सेप्टिक टँक असेल तर त्यातले जिवाणूही मरतात. खायच्या सोड्याने फेस थांबेपर्यंत आम्ल मारा, पाणी उघड्या ट्रेमध्ये सुकू द्या, उरलेला गाळ धोकादायक कचऱ्यात. सुकायला वेळ लागतो, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी.

खारावारा
कानसकर, तराजू, दंडवत. वाचनखूण साठवली. एक उपप्रश्न: इतकं सगळं करूनही परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात ऐरण लालसर होते. असं का?

दवबिंदू
कारण गंज तुमच्या गैरहजेरीत लागलेला नसतो, तुम्ही आल्याच्या दिवशी लागतो.

बंद घर थंड असतं. आल्या आल्या माणूस सगळ्या खिडक्या उघडतो. बाहेरची उबदार, दमट समुद्री हवा आत येते आणि थंड पोलादावर दव धरते. १५ किलोची ऐरण तापायला काही तास घेते, तोवर ती घामेजलेली असते. बाहेर २२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू १८ च्या वर आहे. ऐरण १४ अंशांवर असेल तर दव धरणारच.

उपाय बिनखर्ची आहे. पहिल्या दिवशी कामाच्या खोलीची खिडकी उघडू नका. डबे खोलीत तसेच बंद राहू द्या, दुसऱ्या दिवशी उघडा. घर हवेशीर करायचंच असेल तर बाकीच्या खोल्या उघडा.

डिह्युमिडिफायर लावून जाणाऱ्यांसाठी: उबदार घराला कॉम्प्रेसरवाला, थंड घराला डेसिकंटवाला (ओल शोषणाऱ्या पदार्थाचा). १० अंशाखाली कॉम्प्रेसरवाल्याच्या कॉइलवर बर्फ धरतो आणि तो नुसती वीज खातो. ४५ ते ५० टक्क्यांवर लावा, पाणी नळीने थेट बाहेर.

अडीच_गेज
ऐरणीला घाम फुटलेला बघून आपणही काम टाळावं, एवढं मला कळलं.

शिंपला_नको
किनाऱ्यावर राहणारे किनाऱ्यावरचाच माल वापरतात, म्हणून त्याबद्दल.

समुद्रकाच, गोटे, लाकूड: आधी गोड्या पाण्यात चार-पाच दिवस, पाणी रोज बदलून. सच्छिद्र गोट्यात मीठ मुरलेलं असतं. तसाच कोंदणात बसवला तर ते मीठ ओल धरतं आणि तांब्याची पाठ आतून कळकते. कोंदणाच्या कडेने हिरवी रेघ आली की समजावं. समुद्रकाचेला पाठ उघडीच ठेवा, उजेडही येतो आणि ओलही अडकत नाही. कोंदणाची पट्टी शुद्ध चांदीची २८ गेज, म्हणजे ०.३२ मिमी. ९२.५ टक्के चांदीची तेवढीच पट्टी वाकडीतिकडी काच गुंडाळायला ताठ पडते.

काचेला भोक: हिऱ्याचा बर (भोक पाडणारं फिरतं टोक), काच पाण्यात बुडालेली, दाब जवळजवळ नाहीच, बर सारखा वर उचलायचा म्हणजे पाणी आत जातं. अर्ध्यापर्यंत एका बाजूने, मग उलटून दुसऱ्या बाजूने, नाहीतर तळाशी टवका उडतो. मोटर पाण्यापासून लांब टांगलेला फ्लेक्सशाफ्टच (लवचिक दांड्याने फिरणारं ड्रिल) हवा. विजेची मोटर हातात धरून पाण्यावर काम करायचं नाही.

शिंपला, मोती, पोवळं पिकलमध्ये गेलं की संपलं, कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळतं. शिंपला ओलाच घासा आणि मास्क लावा, कोरडी भुकटी फुप्फुसाला घातक. आणि सीमा ओलांडणार असाल तर यादी बघा: क्वीन शंख, महाकाय शिंपले, कठीण प्रवाळ हे सगळे साइटीसच्या (धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, नॉटिलस २०१७ पासून. वाळूत सापडला म्हणून तो विकायला नेता येत नाही, परवाना लागतो.

गप्प_ऐरण
अवांतर: गंजलेलं ड्रिल चांदीच्या भोकात मोडून बसलं तर?

बुडबुडे
तुरटी. गरम पाण्यात विरघळेल तेवढी, काचेच्या किंवा चिनीमातीच्या भांड्यात, स्टीलच्या नाही. मंद गरम ठेवा. काही तासांत पोलाद काळं होऊन भुगा होतं, चांदी-तांब्याला काही होत नाही. दागिन्यात पोलादी स्प्रिंग किंवा पिन असेल तर तीही जाईल.

तराजू
दोन बेंचवाल्यांचा खास घोळ: दोन मँड्रेल. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मँड्रेलवर एकाच आकड्याची रेघ एकाच व्यासाला नसते. घडाईच्या घरी १४ माप, विक्रीच्या घरी साडेतेरा. मापाचे छल्ले एकच संच ठेवा आणि तो बरोबर न्या. दोन्ही मँड्रेल त्याच संचावर तपासून खरी रेघ कोरून घ्या. नोंदवहीत आकड्याऐवजी आतला व्यास मिलिमीटरमध्ये लिहा. पट्टीची लांबी = (आतला व्यास + जाडी) × ३.१४. आत १७ मिमी, जाडी १.५ असेल तर ५८.१ मिमी. जाडी मिळवायची राहिली तर पट्टी ४.७ मिलिमीटरने तोकडी.

बाडबिस्तरा
नेण्या-आणण्याबद्दल. विमानात टॉर्च, गॅसचे डबे, बायसल्फेट, लिव्हर ऑफ सल्फर नेऊ नका. ही सगळी रसायनं तिथेच घ्या. कानशी, करवतीची पाती, पकडी चेक-इनच्या सामानात. धातू आणि तयार माल हाताच्या बॅगेत, वजन आणि नगांच्या यादीसह. बरोबर न्यावं असं थोडंच असतं: स्वतःच्या हाताला बसलेल्या दोन पकडी, ग्रेव्हर (कोरणी), कोंदणाची कड दाबायचे पुशर, भिंग, फ्लेक्सशाफ्टचा हँडपीस. ऐरण, मिल, व्हाइस दोन्हीकडे.

घरं दोन देशांत असतील तर हत्यारांसाठी एटीए कार्नेट (जकात न भरता तात्पुरतं सामान नेण्याचा कागद) बघा, एक वर्ष वैध. विकायचा माल आणि संपणारं सामान त्यात बसत नाही.

वीज तपासा. २३० व्होल्टचं पिकलचं भांडं ११५ वर लावलं तर शक्ती निम्मी नाही, पाव होते. उलटं केलंत तर चौपट, म्हणजे जळालंच. टंबलरची (छर्ऱ्यांत घोळवून पॉलिश करणाऱ्या पिंपाची) मोटर ५० ऐवजी ६० हर्ट्झवर २० टक्के जास्त वेगाने फिरते, ट्रान्सफॉर्मर लावला तरी. छर्रे मग घरंगळण्याऐवजी आपटतात.

अडीच_गेज
आणि पाव किलो लिंबूसत्त्व पारदर्शक पिशवीत घेऊन जाऊ नये. तपासणीवाल्यांना ते समजावून सांगताना विमान सुटतं.

निळीज्योत
हसून हसून पुरेवाट.

मोडकी_सांडशी
मूळ मुद्द्यावर येऊ. खारावारा म्हणतो त्यातलं अर्धं मला पटतं: मोठी ज्योत एकीकडे. घडाईच्या घरी अर्धतयार भाग करून ठेवायचे, म्हणजे झाळलेली कोंदणं, कड्या, कानातल्या तारा, ताव देऊन मऊ केलेल्या पट्ट्या. विक्रीच्या घरी जोडणी. पण ब्युटेनचा टॉर्च, एक वीट, टाकणखार आणि कमी तापमानाला वाहणारी चांदीची झाळ एवढं तिथे हवंच. समुद्रकाच किंवा मोती बसवलेल्या अंगठीचं माप मात्र तिथे घेऊच नका. खडा आधी काढावा लागतो, आणि तेच कोंदण दुसऱ्यांदा दाबताना कड चिरते.

टॉर्च वापरायचा तर जागा निवडा. समुद्राकडची खिडकी नको, वाऱ्याने ज्योत फडफडते. आणि पाण्यावरून परावर्तित झालेल्या उजेडात चांदीची मंद लाली दिसतच नाही, माणूस पुढे तापवत जातो. ९२.५ ची चांदी ८०० अंशांच्या थोडं वर वितळू लागते, कडक झाळ साधारण ७४५ ला. अंतर तेवढंच. पडदा ओढून काम करा.

गप्प_ऐरण
पल्स आर्क वेल्डर (विजेच्या ठिणगीने सांधणारा) घेतला तर ज्योतही नको, टाकणखारही नको.

निळीज्योत
आरगॉनचा सिलिंडर हवा. फिरून तिथेच.

खारावारा
बरं, मत सरकवतो: विक्रीच्या घरी छोटा टॉर्च, पिकल नाही. सांधा झाळल्यावरचा काळेपणा तिथे पम्मीस (खरखरीत दगडाची पूड) आणि ब्रशने काढायचा. टाकणखाराची काच कोमट पाण्यात भिजवून सुटते, वेळ लागतो पण आम्ल ठेवायला नको. आता थंड जोडणीवाल्यांनी रिव्हेटची मापं द्या. तार वाकते किंवा डोकं फाटतं, असं बरेच जण म्हणतात.

कानसकर
भोक तारेच्या व्यासाचंच हवं. १ मिमी तारेला १ मिमी ड्रिल, १.१ सुद्धा नाही. सैल भोकात तार आत वाकते आणि पत्रे एकमेकांवर सरकतात. दोन्ही बाजूंना व्यासाच्या निम्मी, म्हणजे ०.५ मिमी बाहेर ठेवा. जास्त ठेवली तर डोकं होण्याआधी तार आडवी पडते. तार ताव दिलेली, टोकं कानशीने सपाट. भोकाच्या तोंडाला किंचित खळगा करा, म्हणजे डोकं त्यात बसतं. हातोडा हलका, एका बाजूला चार-पाच टिचक्या, मग उलटून तेवढ्याच. एकाच बाजूने ठोकत राहिलात तर तिकडचं डोकं फाटतं आणि पलीकडचं तयारच होत नाही. दोन रिव्हेट असतील तर पहिला पूर्ण बसवून मगच दुसरं भोक पाडा.